हसवणाऱ्याचा शब्द

पेला घासून चंद्रभागेने पालथा घातला, आणि मग मनात काय आलं कोण जाणे, उचलून पिठाच्या डब्यामागे सारून ठेवला.

अप्पाचा म्हाळ होता. दरवर्षी या दिवशी तिची आई सरूबाई आपल्या हाताने नवऱ्याचं पान वाढायची. मटणाचा रस्सा, वडे, खीर, भाजलेला कांदा, आणि पानाच्या उजव्या अंगाला सारायीचा पेला. बाळाप्पाला जिवंतपणी जे आवडायचं ते मेल्यावरही मिळालं पाहिजे, असा त्या घरचा रिवाज. ज्या दारूने माणूस नेला तीच त्याला वर्षातून एकदा हात जोडून वाढायची, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. चंद्रभागेलाही इतकी वर्षं वाटलं नव्हतं. यंदा मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली होती.

कारण पंक्तीला तिचा नवरा बसणार होता. धोंडिबा अमरगोळच्या बाजार यार्डात हमाल. गेल्या दिवाळीला त्याने सारायी सोडली होती, आणि ती कशी सोडली हे फक्त चंद्रभागेला ठाऊक. हात थरथरत असताना पोती उचलायची, संध्याकाळी सोबत्यांना चुकवून तळ्याकडच्या लांबच्या वाटेने घरी यायचं, आल्यावर तोंड धुऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. असं करत करत माणूस वर आला होता. आता गुत्तेदाराने नेमका त्याच वाटेवर, चंद्रभागेच्या गल्लीच्या तोंडाशी, दारूचा नवा गाळा बांधला होता. दसऱ्याला उघडणार होता. चुकवायला दुसरी वाट उरली नव्हती.

"पेला कुठाय गे?" सरूबाईने विचारलं.

"यंदा नको ठेवूस, अव्वा."

"का?"

"हेनी बसणार न्हवं पंक्तीला. वास गेला नाकात तर?"

"वर्षाचा एक दिस हाय तुझ्या अप्पाचा. जावयाच्या नाकासाठी तेला उपाशी ठेवू व्हय?"

सरूबाई हे रागाने म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. नागोजीने, थोरल्या भावाने, बाटली आणून देव्हाऱ्याखाली ठेवलीच होती. सरूबाईने डब्यामागचा पेला स्वतः हुडकून काढला. लेकीच्या लपवायच्या जागा तिला लेक रांगत होती तेव्हापासून माहीत होत्या.

तेवढ्यात बाहेर पोरांचा गिल्ला झाला. "कुडुका बंद! कुडुका बंद!" दारुड्या आला, दारुड्या आला. शेजारी कानडी, घरात मराठी, पण हा शब्द सगळ्यांचा एकच होता. पांढरी अँबॅसडर गल्लीत शिरून थांबली आणि पुंडलिक उतरला.

धाकटा पुंडलिक नाटक कंपनीत पडदे ओढायला गेला होता, तो आता बंगळूरला बंगला बांधून राहत होता. कानडी पिक्चरात दारुड्या लागला की पुंडलिक लागायचा. त्याचं एक ठरलेलं काम होतं आणि तेच लोक दर पिक्चरात मागायचे. गुत्त्याच्या दारात उभं राहून दारूबंदीवर भाषण ठोकायचं, उद्यापासून थेंबाला शिवणार नाही म्हणून आईची शपथ घ्यायची, आणि झुलत झुलत आत शिरायचं. त्या चालीवर थेटरं कोसळायची. ती चाल कुणाची हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. डावा खांदा पाडून, पुढची जमीन पायाने चाचपत बाळाप्पा असाच गल्लीतून यायचा. घरात हे कुणी कधी बोललं नाही. सरूबाईने लेकाचं एकही पिक्चर बघितलं नव्हतं. डोळ्याला झेपत नाही, म्हणायची. सुईत दोरा मात्र अजून स्वतः ओवायची.

पुंडलिकने आईच्या पायावर डोकं ठेवलं, नागोजीअण्णाला मिठी मारली आणि चंद्रभागेकडे बघून हसला. "अक्का, तोंड का चढलंय? खीर करपली काय?"

"बस. सांगतो," नागोजीच मध्ये बोलला. "तुझी अक्का पुढारी झालीय. गल्लीतल्या बायका गोळा करून गुत्तेदाराच्या दारात गेलती."

"मग काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार?" चंद्रभागा म्हणाली. "आमच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. मुनीमाला म्हणाला, या बायकांना पाणी दे आणि वाटेला लाव. सरकारी परवाना हाय म्हणे. म्हणून तुझी वाट बघालते मी. आज संध्याकाळी तुझा सत्कार हाय. सगळं उणकल गाव येणार. तिथं तू एक शब्द टाक. हा गाळा इथं नको म्हण."

पितृपक्षात कसला सत्कार, अशी कुरकूर म्हाताऱ्यांनी केली होती. पण तरुण मंडळाला पुंडलिकची दुसरी तारीख मिळाली नव्हती. मांडव, ऑर्केस्ट्रा, चांदीची गदा, सगळा खर्च गुत्तेदाराचा. तोच पहिल्या रांगेत बसणार होता.

पुंडलिकचं हसू जागच्या जागी थांबलं. नागोजीने पाट सरकवून घेतला.

"चंद्रे, तू शहाणी हायस न्हवं? माझ्या दोन्ही लॉऱ्या कुणाचा माल वाहतात? ह्यो बोलणार आणि गाडीत बसून बंगळूरला जाणार. उद्या सकाळी गुत्तेदारापुढं मान खाली घालून उभं कुणी राहायचं? मी. पोट भरलेल्या माणसाला मत असायला काय जातंय गा?"

"तेचं खरं हाय, अक्का," पुंडलिक हळू आवाजात म्हणाला. "आणि अण्णाचं सोड. लोक मला काय म्हणतील? दारुड्याचं सोंग करून बंगला बांधलास आणि आता आम्हाला ताक प्या म्हणून सांगतोस? खोटं हाय का ते? मी हसवणारा माणूस. शहाणपण शिकवायला गुरुजी हाईत, पुढारी हाईत. मला त्यातलं काय कळतंय?"

चंद्रभागेने हातातला पळा खाली ठेवला. पुंडलिक तिच्या कडेवर वाढलेला. तो घाबरला की आवाज असाच बारीक व्हायचा, आणि असा आवाज काढला की लहानपणी ती त्याला सोडून द्यायची. आज सोडायचं नाही, असं तिने ठरवलं.

"बिडीच्या पाकिटावर तुझा फोटो हाय."

"हाय की."

"तवा कुणी विचारलं तुला, तंबाखूतलं काय कळतंय म्हणून? साबणाच्या पाटीवर उभा राहिलास तवा विचारलं? तिथं पैसे मिळाले म्हणून सगळं कळत होतं. गल्लीचा विषय आला की तू अडाणी झालास."

अनुसया, नागोजीची बायको, वाफाळत्या भांड्यावर वाकून खुदकन हसली. नागोजीने तिच्याकडे वळून बघितलं तशी तिने हसू आवरलं, पण बोलली. "वन्संचं बरोबर हाय. तुमच्या लॉरीवर पोरगा जातोय आपला. माल उतरला की तिथंच तेच्या हातात कसला पेला देतात, विचारा की एकदा तेला."

 हे नागोजीला बायकोने आजवर सांगितलं नव्हतं, आणि सांगायला तिने भरल्या घराची वेळ निवडली होती.

"तरीबी," तो म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता. "अप्पाचा विषय निघंल. लोक म्हणतील, बाप कशानं गेला ते सांग आधी."

सगळ्यांनी सरूबाईकडे बघितलं. बाळाप्पा तापाने गेला, असं ती अळणावरच्या माहेरी सांगत आली होती, सोयरिकी जुळवताना सांगत आली होती, नातवंडांना सांगत आली होती. इतक्यांदा सांगून तो ताप तिला स्वतःलाही खरा वाटू लागला असेल.

"तेचं नाव मांडवात घ्यायचं न्हाई," सरूबाई म्हणाली. "मेलेल्या माणसाला परत गटारातनं उचलून आणायचं न्हाई. चला, पानं घ्या."

विषय मिटला, असं ठरवून ती उठली. पानं मांडली गेली. बाळाप्पाच्या फोटोपुढे पान वाढलं गेलं, आणि पेल्यात बाटलीतली सारायी ओतली तेव्हा तो उग्र वास शिजल्या मसाल्यावरही मात करून घरभर पसरला. यार्डातून अर्धी सुट्टी काढून आलेला धोंडिबा दारात चप्पल काढत होता. तो तसाच थांबला. चंद्रभागेने त्याच्या नाकपुड्या फुललेल्या बघितल्या.

"या दाजी, बसा," पुंडलिक म्हणाला.

"माझं पान बाहेर कट्ट्यावर द्या," धोंडिबा म्हणाला. "हितं उकडतंय."

उकडत मुळीच नव्हतं. सकाळपासून भुरभुर लागून राहिली होती आणि कट्टा ओला होता. धोंडिबा त्या ओल्या कट्ट्यावर पोतं टाकून, घराकडे पाठ करून बसला. जावई बाहेर आणि सासरा आत पेल्यासकट, अशी ती पंगत बसली. रस्त्याने जाणारी शेजारीण थांबली, बघून पुढे गेली. म्हाळाच्या दिवशी जावयाला बाहेर जेवायला घातलं, ही बातमी आता दिवेलागणीच्या आत सगळ्या गल्लीत फिरणार होती.

चंद्रभागा आपलं पान उचलून नवऱ्याशेजारी जाऊन बसली.  धोंडिबा म्हणाला, "तू आत जा. आईला वाईट वाटंल."

"वाटू दे."

"पुंडलिकला सांगायचं असलं तर माझं नाव घालून सांगू दे," तो घास न घेता म्हणाला. "धोंडिबा हमाल पीत होता म्हणावं. मला चालतंय. पण तो गाळा उघडला की माझं खरं न्हाई, चंद्रा. मी काय दगड न्हवं."

इतक्या वर्षांत त्याने तिला अशी कबुली दिली नव्हती. तिला रडू आलं आणि तिने ते पदराने पुसलं, लपवलं नाही.

आत कुणीतरी उठल्याची चाहूल लागली. दोघांनी मागे वळून बघितलं. सरूबाई नैवेद्याच्या पानावरचा पेला उचलून मोरीपाशी गेली होती. तिथे ती जराशी उभी राहिली, फोटोकडे बघितलं आणि पेला उपडा केला. मग वर तांब्याभर पाणी ओतलं. बाटलीही तशीच ओतली. नागोजी उठू लागला, तर अनुसयेने त्याचं धोतर धरून खाली बसवलं.

सरूबाई दारात आली. "जावईबापू, आत या. पान निवालंय."

धोंडिबा उठेना, तेव्हा तिने स्वतः त्याचं पान उचललं. आणि वळता वळता, जणू मीठ वाढायला सांगावं तशी, धाकट्याला म्हणाली, "पुंड्या, सांगायचं ते सांग. ताप म्हणू नकोस."

संध्याकाळी पाऊस थांबला. मांडव माणसांनी फुलून गेला होता. बायका डाव्या बाजूला सतरंजीवर, हमाल मागच्या बाजूला उभे, आणि पुढे खुर्च्यांवर गुत्तेदार, मंडळाची मंडळी आणि त्यांच्यात नागोजी. गुत्तेदाराने त्याला मुद्दाम हात धरून आपल्या शेजारी बसवलं होतं. चंद्रभागा आईला घेऊन बायकांत बसली. तिचा जीव आता हलका झाला होता. पुंडलिक बोलणार होता. ज्याला बघायला लोक झाडावर चढतात त्याचा शब्द लोक खाली पडू देणार नाहीत, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती.

हार झाले, गदा झाली. पुंडलिक माईकपाशी आला. कानडीतच बोलला, साधं, घरातल्यासारखं.

"मंडळी, आज मला एक खरी गोष्ट बोलायची आहे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी दारूचा गाळा उघडतोय. तो उघडायला नको."

मांडव खदाखदा हसला.

पुंडलिक थांबला. "नाही, मी खरंच सांगतोय," तो म्हणाला. "दारू वाईट."

हसण्याची दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा मोठी. मागून शिट्ट्या पडल्या. आणि चंद्रभागेच्या लक्षात आलं. घरात एवढी भांडणं झाली, लॉऱ्यांचा विचार झाला, अब्रूचा झाला, अप्पाचा झाला, पण ही एवढी उघडी गोष्ट घरातल्या एकाच्याही डोक्यात आली नव्हती. पिक्चरात पुंडलिक असंच तर सुरू करायचा. गुत्त्याच्या दारातलं ते भाषण लोकांना पाठ होतं. तो जितका कळकळीने बोलेल तितके ते पुढच्या झोकांडीची वाट बघणार होते.

"शपथ घे!" कुणीतरी ओरडलं. "आईची शपथ घे!"

पुंडलिकच्या कपाळावर घाम आला. तो गोंधळला, आणि गोंधळून जिथे जायला नको तिथे गेला. "ती माझी चाल माझ्या बापाची आहे," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "माझा बाप असाच चालत यायचा. असाच चालत चालत एक दिवस गटारात पडला आणि सकाळी..."

मांडव कोसळला. गुत्तेदार डोळे पुसत हसत होता, टाळ्या वाजवत होता. त्याने नागोजीच्या मांडीवर थाप मारली. पोरं उठून डावा खांदा पाडून चालू लागली. चंद्रभागेने आईचा हात घट्ट धरला. सरूबाईचा चेहरा हलला नाही. एवढी वर्षं जे बघायचं टाळलं होतं ते तिच्या डोळ्यांपुढे दहा पोरं करून दाखवत होती.

नागोजी उठला. गुत्तेदाराने थापेसाठी पुन्हा उचललेला हात तसाच राहिला. नागोजी खुर्च्यांच्या रांगेतून बाहेर आला, बायकांच्या सतरंजीपाशी आला आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसला. दोन लॉऱ्यांचा मालक इस्त्रीच्या धोतरासकट मातीत बसला, हे पुढच्या रांगांनी बघितलं. तिथलं हसणं जरा कमी झालं.

"अण्णा, अव्वाला बघ," चंद्रभागा म्हणाली आणि उभी राहिली.

चालत व्यासपीठापर्यंत कशी गेली हे तिला आठवत नाही. पदर कमरेला खोचलेला होता, एवढं आठवतं, कारण पुंडलिकने तिला बघून तिच्या पदराकडे बघितलं. लहानपणी अक्का पदर खोचून आली की समोरचा पोरगा मार खायचा. तो माईकपुढून बाजूला झाला. माईक तिच्या डोक्याच्या वर गेला होता. दांडा खाली करायचा प्रयत्न त्याने केला, तो गंजलेला निघाला, हलेना. तेव्हा त्याने माईकच उपसून काढला आणि दोन्ही हातांनी तिच्या तोंडापुढे धरला.

ही कोण, म्हणून लोक गप्प झाले. पिक्चरात ही बाई नव्हती.

"मी चंद्रभागा," ती म्हणाली. निम्मं कानडी, निम्मं मराठी, जसं येईल तसं. "धोंडिबा हमालाची बायको. तो गाळा माझ्या दाराजवळ हाय. माझा माणूस पीत होता. दिवाळीपासून पीत न्हाई."

मागे हमालांत कुणीतरी खाकरलं. मग गर्दी जराशी फाकली. धोंडिबा डोक्याचा रुमाल काढून हातात घेऊन उभा होता, सगळ्यांना दिसेल असा. तो खाली बघत नव्हता. चंद्रभागेने त्याच्याकडे बघितलं आणि तिचा आवाज लागला.

"यार्डातनं सुटलेला तुमचा प्रत्येकाचा माणूस तिथनंच घरी येणार. कुणाचा नवरा पितोय, कुणाचा लेक पितोय, मी नावं घेत न्हाई. तुमची तुम्ही घ्या. माझा बाप कशानं गेला ते आत्ता माझ्या भावानं सांगितलं. तुम्ही हसला."

मांडवात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. ऑर्केस्ट्रावाल्याने हातातला खुळखुळा खाली ठेवला.

"आता परत हसायचं असलं तर हसून घ्या. मी थांबते."

ती खरोखरच थांबली. कुणी हसलं नाही. डाव्या बाजूला सतरंजीवरची एक बाई उठली, मग तिची सून, मग अनुसया, मग दुपारी कट्ट्यापुढे थांबून बघून गेलेली ती शेजारीण. नागोजीने आईला काखेत हात घालून उभं केलं. गुत्तेदार मुनीमाला हाक मारत होता आणि मुनीम गर्दीत सापडत नव्हता.

"दसऱ्याला सकाळी आम्ही तेच्या उंबऱ्यावर बसणार," चंद्रभागा म्हणाली. "उघडणाऱ्यानं आमच्या अंगावरनं जाऊन उघडायचं."

हे तिने घरून ठरवून आणलं नव्हतं. आत्ताच सुचलं होतं. पुढे काय बोलावं ते तिला कळेना. तिने भावाकडे बघितलं. ज्याला बघायला गाव लोटलं होतं तो घामाने निथळत, वाकून, माईक धरून उभा होता. 

"बोल अक्का," पुंडलिक हळूच म्हणाला. "मी धरलाय."